पॅडल बुडतंय

सोलापूरहून पुण्याकडं निघालं की बाळे, केगाव, कोंडी मागं पडतात आणि चिंचोळीच्या कारखान्यांच्या शेड दिसायला लागतात. सरकारी कागदावर तालुका मोहोळ, पण इथं कामाला येणारी बरीच माणसं सोलापूर शहरातली. रोज सकाळी हायवेनं यायचं, शिफ्ट संपली की परत जायचं. वसाहतीच्या तोंडाशी, सर्व्हिस रोडला लागून माझं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, एक पिट, एक व्हाइस, एक कंप्रेसर. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ठेवलेला पाना दुपारी हातात धरवत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे औषधांच्या नि रसायनांच्या कारखान्यांतले सुपरवायझर, केमिस्ट, ठेकेदार, शिवाय शिफ्टची माणसं ने-आण करणाऱ्या गाड्या. नवी गाडी माझ्याकडं येत नाही. वॉरंटी संपेपर्यंत ती शोरूमच्या वर्कशॉपलाच जाते. माझ्याकडं येते ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताची, लाखाच्या पुढं पळालेली. गंमत अशी की प्रिसिजन कॅमशाफ्टचा कारखाना याच वसाहतीत आहे, सोलापूरचे कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांच्या इंजिनात जाऊन बसतात. पण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या गाडीला ब्रेकचं मास्टर सिलेंडर लागलं, तर पोराला मोटारसायकल देऊन शहरात पाठवावं लागतं, आणि दुकानदार म्हणतो, उद्या या.

या मास्टर सिलेंडरबद्दलच लिहायचं आहे. ते खराब व्हायला लागलं की गाडीवाल्याला आधी कळतं आणि मिस्त्रीला नंतर. कित्येकदा मिस्त्रीला कळतच नाही, मग तो गाडीवाल्यालाच वेड्यात काढतो.

एका रसायनांच्या कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर असेच त्यांची पांढरी छोटी गाडी घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक लागतात. चांगले लागतात. पण जुन्या पुणे नाक्याला गर्दीत उभारलो, पाय नुसता ठेवला, की पॅडल हळूहळू खाली जातंय. बुडतंय बघा." आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं पुढचे पॅड बदलले, दुसऱ्यानं हवा काढून दिली. दोघांनीही गाडी चालवून, करकचून ब्रेक मारून दाखवला होता, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली होती. "घरी पण म्हणायलेत, तुमाला उगं वाटतंय," साहेब म्हणाले. आवाजात शरमल्यासारखं काहीतरी होतं. रिअ‍ॅक्टरचं तापमान अर्ध्या अंशानं हललं तरी ओळखणारा माणूस, पण स्वतःच्या पायाला जाणवलेलं खरं की खोटं, अशी त्याची अवस्था करून टाकली होती.

उगं वाटत नव्हतं. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्यावर काळा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. त्याच्या तोंडावर बसलेली वीतभर धातूची नळी म्हणजे मास्टर सिलेंडर, आणि तिच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची प्लॅस्टिकची टाकी. नळीच्या आत एकामागं एक दोन पिस्टन, पिस्टनवर रबरी कप. आपण पॅडल दाबतो, बूस्टर त्या जोरात भर घालतो, पिस्टन पुढं सरकतो आणि कपानं अडवलेलं ऑइल पाइपांतून चारी चाकांकडं रेटलं जातं. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत पाठ करून आपण पेपरात लिहून येतो. गाडीत त्याचं काम त्या कपाच्या कडेवर अवलंबून असतं.

ही कड पातळ असते, मुद्दाम. समोरच्या ऑइलचा दाब वाढला की ती बाहेर फाकते आणि बोअरला घट्ट चिकटते. जितका जोरात ब्रेक, तितकं सील पक्कं. आता ही कड झिजली, कडक झाली किंवा बोअरवर चरे पडले, की काय होतं बघा. जोरात दाबलं तर दाब एकदम वाढतो, झिजकी कडसुद्धा फाकून बसते, ब्रेक लागतो. हळू दाबलं, नुसता पाय ठेवला, तर कड फाकवण्याइतका दाबच तयार होत नाही. ऑइल कपाच्या बाजूनं मागं निसटतं आणि पॅडल बुडत जातं. ज्यानं गावाकडं हापसा मारलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वॉशर झिजलेल्या हापशाचा दांडा निवांत वर-खाली करत राहा, पाणी येत नाही; भराभर दणके द्या, येतं.

म्हणजे करकचून ब्रेक मारून बघणं ही या दुखण्यावरची सगळ्यात निरुपयोगी परीक्षा. आणि नेमकी तीच सगळे करतात, कारण ती मर्दानी दिसते. धूळ उडते, टायर ओरडतात, गिऱ्हाइकाचं डोकं काचेकडं झुकतं, आणि मिस्त्री म्हणतो, "बघा, काय झालंय ब्रेकला?"

मी गाडी शेडमध्ये सपाट जागी लावली, इंजिन बंद केलं. पॅडल चार-पाचदा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवला. मग पाय हलका ठेवला. पुढच्या गाडीशी जरा अंतर ठेवायला आपण ठेवतो, तितकाच. आणि बसून राहिलो. साहेब खिडकीशी वाकून बघत होते. काही क्षण काहीच नाही. मग बुटाच्या तळव्याला ते जाणवायला लागलं: पॅडल अडलेलं आहे असं वाटतंय, पण अडलेलं नाही, पायाचा जोर वाढवलेला नाही, तरी घोटा हळूहळू सरळ होत चाललाय. शेवटी पॅडल मॅटला टेकलं. पाय उचलून जोरात दाबलं, तर निम्म्यावर दगडासारखं उभं. पुन्हा हलकं, पुन्हा तळाला. साहेबांना आत बसवलं आणि त्यांच्याकडूनच करून घेतलं. ते म्हणाले, "हेच! हेच मी सांगत होतो." निम्मी फी मला तिथंच मिळाली म्हणायची.

यात एक चकवा आहे, तो सांगून ठेवतो. पॅडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की पॅडल एकदा बोटभर खाली येतं. बूस्टरमध्ये व्हॅक्यूम भरला, तो मदतीला आला, एवढाच त्याचा अर्थ. ते बघून घाबरून आलेली गिऱ्हाइकं मी चहा पाजून परत पाठवलीत. एकदा खाली येऊन थांबलं तर बरोबर, तिथून पुढं सरकत राहिलं तर नाही.

पण बुडणारं पॅडल दिसलं म्हणून लगेच मास्टर सिलेंडरवर बोट ठेवायचं नसतं. लाइनमध्ये हवा असेल तर पॅडल लिबलिबीत लागतं, भराभर मारलं की वर येतं, आणि वर आलेलं बऱ्यापैकी टिकतं. मागचे लायनर झिजून ड्रममधली फट वाढली असेल तर पहिल्या दाबाला पॅडल खोल जातं, दुसऱ्या दाबाला वर अडतं. बूस्टर गेला तर उलटंच, पॅडल लोखंडी होऊन बसतं आणि दोन्ही पाय लावावेत असं वाटतं. आणि कुठं गळती असेल तर ती ओल कुठंतरी दाखवतेच: चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या खालच्या कडेला, नळीच्या जोडाला. या गाडीला कुठं ओल नव्हती. टाकीतली पातळी जिथल्या तिथं, त्यामुळं डॅशबोर्डवरचा लाल दिवाही गप्प. तो दिवा टाकीतलं ऑइल कमी झालं तर पेटतो. ऑइल घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जात असेल, तर त्याला काय कळणार!

शंका मारायला माझ्याकडं एक घरगुती हत्यार आहे. जुन्या ब्रेक पाइपांचे बोटभर तुकडे कापून, एका टोकाचा नट तसाच ठेवून, दुसरं टोक ब्रेझिंगनं बुजवून मी बुचं करून ठेवलीत. मास्टर सिलेंडरचे पाइप सोडायचे आणि त्यांच्या जागी ही बुचं आवळायची. आतली जराशी हवा काढून घेतली, की आता चाकं, कॅलिपर, नळ्या, ड्रम, सगळ्यांचा संबंध तुटला. ऑइलला जायला जागाच नाही. अशा वेळी पॅडल वरच्या वर अडून राहायला पाहिजे. तरीही बुडालं, तर चोर घरातलाच. या गाडीचं बुडालं. पुढचे नवे पॅड आणि हवा काढण्याची मजुरी साहेबांनी विनाकारण भरली होती. पण ज्यांनी घेतली त्यांनी लबाडी केली असं मला वाटत नाही. जे येतं ते केलं.

साहेबांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "किट टाकून भागतंय का?"

किट म्हणजे आतले कप, स्प्रिंग, लॉक. काहीशे रुपयांचं काम. अख्खं नवं सिलेंडर काही हजारांचं. पगारदार माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि त्यात काही चुकीचं नाही. मी स्वतः ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद किटच टाकायचे. विजापूर रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडून मी त्यांच्याकडं लागलो, तेव्हा त्यांच्या दारात अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी आणि जीपगाड्या उभ्या असायच्या. त्या गाड्यांचं मास्टर सिलेंडर ओतीव लोखंडाचं. उस्ताद ते खोलायचे, ड्रिलला होनिंगचे दगड लावून बोअर आतून फिरवून घ्यायचे, ब्रेक ऑइलनं धुवायचे, नवे कप ऑइलात बुडवून बोटांनी आत सरकवायचे. पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, फक्त बोटं. कपाच्या कडेला नखही लागू द्यायचे नाहीत. रबराला केरोसीन किंवा डिझेल दाखवलं तर त्यांच्या हातचा फटका ठरलेला. ते त्यामागची रसायनं सांगायचे नाहीत, पण त्यांचं बरोबर होतं: ब्रेकचं रबर खनिज तेलानं फुगतं. फुगलेला कप बोअरमध्ये अडकतो, ऑइलच्या परतीची वाट बुजवतो, आणि ब्रेक लागतात ते सुटतच नाहीत.

त्या जुन्या गाड्यांचं आणखी एक होतं. मास्टर सिलेंडरमध्ये पिस्टन एकच. एक कप गेला किंवा एक पाइप फुटला की चारी चाकांचे ब्रेक एकदम गेले. म्हणून त्या काळचे ड्रायव्हर उतारावर आधी गिअर पाडायचे आणि मग ब्रेकला पाय लावायचे. जगभर असंच होतं. हायड्रॉलिक ब्रेक गाडीत आणण्याचं मोठं श्रेय मॅल्कम लॉकहीडला जातं, विमानांच्या कंपनीमुळं ज्याचं आडनाव आपल्याला माहीत आहे तोच. 1921 साली ड्यूसेनबर्ग नावाच्या अमेरिकन गाडीत चारी चाकांना असे ब्रेक आले. पण एकाच्या जागी दोन पिस्टन, दोन वेगळ्या लाइनी, म्हणजे एक गेली तरी दुसरी निम्मा ब्रेक राखेल, हा नियम अमेरिकेतसुद्धा 1960 च्या दशकाच्या अखेरीस लागू झाला. आता बहुतेक छोट्या गाड्यांत या दोन लाइनी तिरक्या वाटलेल्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लाइनीवर, उरलेली दोन दुसरीवर. आपण शिव्या देतो त्या नव्या गाड्यांनी किती माणसं वाचवली असतील, हे उस्तादांच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाला विचारावं.

पण उस्तादांचं किट आताच्या सिलेंडरला चालत नाही, आणि कारण धातूचं आहे. आताचं सिलेंडर अ‍ॅल्युमिनियमचं. त्याच्या बोअरवर अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर चढवलेला असतो, आणि रबर घसरतं ते त्या थरावर. दगड फिरवला की थर निघाला. खाली मऊ धातू. त्यावर नवा कोरा कप बसवला तरी काही महिन्यांत त्याची कड खाऊन जाते आणि पॅडल पुन्हा बुडायला लागतं. दगड न फिरवता नुसतं किट टाकलं, तर ज्या चऱ्यांनी जुना कप खाल्ला ते चरे तसेच. लोखंडावर खरं असलेलं अ‍ॅल्युमिनियमवर खरं राहत नाही. हे मी साहेबांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की किटच टाकायचं असेल तर माझ्याकडं नको. ब्रेकच्या बाबतीत मी एवढा आडमुठेपणा करतो. सस्पेन्शनला, सायलेन्सरला, काचेच्या मशिनला जुगाड करून देतो, आनंदानं देतो.

पोरगा शहरातून सिलेंडर घेऊन आला ते दिसायला सारखं, भोकं जुळणारी, पण अंगावर ओतलेला आकडा 7/8. जुन्यावर 13/16. हे बोअरचं माप, इंचातलं. कधी ते मिलिमीटरमध्ये 20.64 असं असतं, माप तेच. दुकानदाराचं म्हणणं, "बसतंय की, काय फरक पडतंय?" बसतंय. आणि थोरल्या बोअरचं लावलं तर पॅडल वरच्या वर कडक लागतं, गिऱ्हाईक तर खूशच होतं. पण तेवढाच ब्रेक लागायला पायाला जोर जास्त द्यावा लागतो, आणि हे कळायची वेळ येते तेव्हा पुढं उसाची ट्रॉली असते. गळीत हंगामात या हायवेवर संध्याकाळनंतर जो गाडी चालवतो त्याला मी काय म्हणतोय ते कळेल: मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला, ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणारा ऊस. पोराला परत पाठवलं.

काम तसं मोठं नाही. मडगार्डवर ओली फडकी टाकायची, कारण ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं. टाकीतलं ऑइल सिरिंजनं ओढून घ्यायचं. पाइपांच्या नटांना साधा पाना लावायचा नाही. ते नट मऊ आणि गंजलेले, साध्या पान्यानं कोपरे गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. त्याला नटाला चहूबाजूंनी धरणारा, पाइपापुरती फट असलेला वेगळा पाना मिळतो. मग बूस्टरवरचे दोन नट, की सिलेंडर हातात. इथं मी नेहमी बूस्टरच्या तोंडात बोट घालून बघतो. कोरडं निघालं.

नेहमी निघत नाही. शिफ्टच्या गाडीचा एक ड्रायव्हर होता, तो दर आठवड्याला टाकीत थोडं ऑइल ओतायचा. चारी चाकं कोरडी, गाडीखाली थेंब नाही. "पितंय का काय गाडी?" म्हणायचा. खरंच पीत होती. मागच्या बाजूचं सील गेलं होतं आणि ऑइल थेट बूस्टरच्या पोटात उतरत होतं. बूस्टरच्या खालच्या अंगाचा रंग पापुद्रे धरून सुटला होता, तीच एक खूण. पण सिलेंडरच्या सावलीत ती बघायला टॉर्च लागतो. त्या गाडीला सिलेंडरबरोबर बूस्टरही घालावा लागला, कारण आतला पडदा ऑइलनं खराब झाला होता. गाड्यांचा मालक माझ्यावर चिडला, तर ड्रायव्हर म्हणाला, "मालक, मी सहा महिने सांगायलोय." यावर मालक काही बोलला नाही.

नवं सिलेंडर सरळ गाडीला लावलं तर आतली हवा पुढं दिवसभर छळते. म्हणून ते आधी व्हाइसमध्ये धरायचं, अंगाला नाही तर बोल्टच्या पट्टीला. तोंडांना लहान नळ्या लावून त्या परत टाकीतच सोडायच्या आणि बोथट दांड्यानं पिस्टन हळूहळू आत ढकलायचा, सोडायचा. बुडबुडे येतात, येत राहतात, मग बारीक होतात, मग थांबतात. पोराला हे काम फार आवडतं. ते झालं की बूस्टरच्या दांड्याचं माप. दांडा आणि पिस्टन यांच्यात किंचित फट राहिली पाहिजे. सिलेंडरच्या आत टाकीकडं जाणारं एक भोक असतं, मिलिमीटरपेक्षाही बारीक. पॅडल सोडलेलं असताना ते उघडं राहिलं तरच तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. दांडा केसभर लांब राहिला की कप त्या भोकावर बसतो, ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातात, डिस्क तापते, ऑइल आणखी फुगतं. इथून लांबोटीपर्यंत जाईस्तोवर गाडी ओढायला लागते आणि चाकाजवळ जळका वास येतो. नवं सिलेंडर घातल्यावर ही तक्रार आली तर लोक कॅलिपर खोलत बसतात.

मग पाइपांचे नट बोटांनी धरवून घ्यायचे, त्यानंतर पाना. आणि हवा काढायची, लांबच्या चाकापासून. आपल्याकडं स्टिअरिंग उजव्या बाजूला, त्यामुळं लांबचं चाक मागचं डावं. काही गाड्यांच्या पुस्तकात क्रम वेगळा दिलेला असतो, तिथं पुस्तकाचं ऐकायचं. पोरगा आत, मी निपलपाशी. "मार... मार... धर!" निपल उघडलं की बाटलीत काळपट ऑइल भसकन येतं, निपल बंद, "सोड!" शेडमध्ये कोण काय बोलतंय ते या वेळी ऐकायचं नसतं. पोरानं धरायच्या जागी सोडलं की हवा परत आत.

पॅडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. पोरानं विचारलं होतं, कशाला? जुन्या सिलेंडरमध्ये पिस्टन रोज फिरतो तो बोअरच्या ठरावीक पट्ट्यात. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरलेलाच नसतो, तिथं गाळ आणि गंज धरलेला असतो. हवा काढताना कुणी पॅडल तळापर्यंत मारत बसलं की कप पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावरून घासत जातो आणि कड फाटते. गाडी ब्रेकच्या किरकोळ कामाला येते आणि दुरुस्त होऊन जाताना नवं दुखणं घेऊन जाते. साहेबांच्या गाडीचं असंच झालं होतं का, हे सांगता येणार नाही. पण "हवा काढल्यापासून जरा जास्त वाटायलंय," असं ते म्हणाले होते. नव्या सिलेंडरला ठोकळ्याची गरज नसते. तरी सवय असावी म्हणून ठेवतो.

एबीएस असलेल्या गाडीत यापुढं आणखी एक पायरी येते. एप्रिल 2019 पासून आपल्याकडं सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आता त्या गाड्याही वॉरंटी संपवून माझ्या दारात यायला लागल्यात. एबीएसच्या ठोकळ्यात हवा अडकली तर काही गाड्यांना स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडझाप करवावे लागतात. स्कॅनर घेतलाय, हप्त्यावर. साहेबांच्या गाडीला त्याची गरज पडली नाही.

दुपारची शिफ्ट आत गेली की वसाहतीतले रस्ते तासभर मोकळे असतात. तिथं गाडी आधी अगदी सावकाश चालवून दोन-तीनदा थांबवली, मग जरा वेगात. परत येऊन पुन्हा तेच: पाय हलका, इंजिन बंद, गप्प बसणं. पॅडल हललं नाही.

साहेब पैसे द्यायला आले तेव्हा मी जुनं सिलेंडर व्हाइसमध्ये धरून हॅकसॉनं उभं कापून ठेवलं होतं. हे मी दर वेळी करतो. काहीशे रुपयांवर भागलं असतं का, हा किडा गिऱ्हाइकाच्या डोक्यात राहतो, तो असाच निघतो. बोअरच्या खालच्या अंगाला पट्टा पडला होता, करडा, मध्ये बारीक चरे. अंगठ्याचं नख फिरवलं की अडत होतं. वरचं अंग चकचकीत. ऑइलात मुरलेल्या पाण्याचं हे काम. कप काढून साहेबांच्या हातात दिला. एका बाजूची कड धारदार, दुसऱ्या बाजूची गोल झालेली, बोट लावलं तर काळं निघत होतं. त्यांनी तो बराच वेळ फिरवून बघितला आणि केमिकलच्या माणसानं विचारावा तसा नेमका प्रश्न विचारला: "पाणी आलं कुठून?"

हवेतून. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, तो त्याचा गुणच आहे. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला भोक असतं, रबरी नळ्यांतूनही दमटपणा झिरपतो. डॉट 3 ऑइल डब्यातून काढलं तेव्हा 205 अंशांच्या पुढं उकळतं. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा 140 वर आला तरी चालतो असं मानकच सांगतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. चाकाजवळचं ऑइल घाटात उकळून वाफ झाली की ब्रेक जातात, हे लोकांना माहीत असतं. तेच पाणी इकडं मास्टर सिलेंडरचं बोअर खातं, हे कुणी सांगत नाही. म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. साहेबांच्या गाडीतलं बहुधा गाडी घेतल्यापासून तेच होतं. इंजिन ऑइल मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं, त्याची सगळी बिलं फाइलला लावलेली.

यात आमच्या धंद्याचाही दोष आहे. गॅरेजात ब्रेक ऑइलचा मोठा डबा उघडा पडलेला असतो, पावसाळाभर. त्यातून घोट-घोट ओतून गाड्यांच्या टाक्या भरल्या जातात. मी हल्ली लहान डबे आणतो. उरलं तर क्लच-ब्रेकला परत वापरत नाही, गंजलेल्या बोल्टांवर सोडतो. महाग पडतं. शिफ्टच्या गाड्यांच्या मालकाला दोन वर्षांचा हिशेब सांगितला, तर तो म्हणाला, "मिस्त्री, गाडीच दोन वर्षांत विकतोय मी." त्या गाड्या विकत घेणारे नंतर माझ्याकडंच येतात.

ऑइल बदलल्याची तारीख पूर्वी बिलावर लिहायचो. बिल कुणी ठेवत नाही. मग टाकीवरच मार्करनं लिहायला लागलो, तर टाकीवर ऑइल सांडलं की अक्षरं पुसून जायची, ऑइलचा तोही एक गुण. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहितो, महिना आणि साल. पुढं गाडी विकताना काही जण मला ते खोडून द्यायला सांगतात.